घाटनांदूरहून पायी

"मराठीचा आद्यकवी तुमच्या मराठवाड्याचा नाहीच," असं आमचा इतिहासाचा प्राध्यापक मित्र चहा पिता पिता बोलून गेला. मग श्रावणात त्यालाच सोबत घेऊन आम्ही परळी-विकाराबाद मार्गावरच्या घाटनांदूरला उतरलो. तिथून आद्यकवी मुकुंदराजांची समाधी असलेली आंबाजोगाई पायी गाठायची होती.

वाटेतल्या बालाघाट डोंगररांगेला सह्याद्रीसारखे कडे नाहीत. लांबच लांब पठार, त्यावर सोयाबीनची हिरवी रानं आणि अचानक पायाखाली उघडणारी दरी. मध्येच एखादा काठोकाठ भरलेला तलाव. या मुलखातले तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. १९७२च्या दुष्काळात खडी फोडून, मातीच्या टोपल्या वाहून मराठवाड्यातल्या बायाबापड्यांनी कितीतरी पाझर तलाव उभे केले. अशा पाण्याकाठी भाकरी सोडताना ते हात आठवल्याशिवाय राहत नाहीत.

वाद चालतच होता. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेने शके १११०चा, म्हणजे इ.स. ११८८चा. मित्राचं म्हणणं, हा शक मागाहून घातलेला असावा आणि मुकुंदराजांची अंबानगरी म्हणजे आंबाजोगाई नव्हे, तर विदर्भातलं वैनगंगेकाठचं आंभोरा. मी म्हटलं, मग इथली समाधी? "समाधी श्रद्धा सांगते, काळ नाही," तो म्हणाला. मुद्दा खरा होता आणि मला बोचला.

आंबाजोगाईत रात्रीच्या लॉजवर गाद्या ओल्या आणि नळ कोरडा. सकाळी योगेश्वरीचं दर्शन गर्दीत उरकलं आणि खोलेश्वराच्या देवळाकडे वळलो. खोलेश्वर हा यादव राजा सिंघणाचा सेनापती. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला. बहीण लक्ष्मीने भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधलं आणि ते शिलालेखात नोंदवलं. साल १२४०. दिल्लीच्या फौजा देवगिरीवर येण्याआधीची ही एका बहिणीची नोंद! तिथून माझा पाय निघेना. बाकीचे पुढे गेले.

दुपारी मुकुंदराजांच्या समाधीच्या दरीत पोचलो तेव्हा प्राध्यापकही गप्प होता. याच गावात संतकवी दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांब कापडी पासोडीवर 'पंचीकरण' लिहिलं. ते १६१५ साली इथेच समाधिस्थ झाले.

आंभोऱ्याचा दावा अभ्यासकांनी जरूर तपासावा. पण मुकुंदराज उद्या वैनगंगेकाठचे ठरले, तरी खोलेश्वर, लक्ष्मी आणि दासोपंत आंबाजोगाईचेच राहतील. तेवढ्यासाठी तरी पावसाळ्यात घाटनांदूरला उतरा आणि चालत या.