खांद्यावरची कोंबडी

पोपट माणसाच्या खांद्यावर बसला, तर त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. चित्रांतून आणि कथांतून तो तिथे केव्हाचाच बसलेला असतो. पण कोंबडी खांद्यावर चढली की पाहणारा हसतो. बिचारीची प्रतिष्ठा ती काय! उकिरडा उकरणारी, अंडे घालणारी आणि शेवटी रश्श्यात जाणारी! तिला माणसाच्या कानाशेजारी जागा द्यावी, हे आपल्या मनाला पटतच नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडला माझी मोठी आई राहते. मुंबईहून कोलकात्याला जाणारा हमरस्ता या गावावरून धावतो. गोंदिया-बल्लारशहा रेल्वेचे इथे स्टेशनही आहे. मोठ्या आईच्या अंगणात मात्र कसलीच घाई नसते. संध्याकाळी कणी टाकायला ती वाकली की एक तांबूस तलंग तिच्या पाठीवर उडी घेते, तिथून खांद्यावर चढते आणि पिसे फुलवून अशी बसते, की जणू घराचा सातबारा तिच्याच नावावर आहे!

याला माया म्हणावे की सोय? पुस्तके चाळली, तर ती सोयीच्याच बाजूने बोलतात. आपल्या कोंबडीची मूळ आजी म्हणजे तांबडी रानकोंबडी. ती दिवसभर जमिनीवर चरते आणि अंधार पडू लागला की झाडाच्या फांदीवर चढते. कोंबडीला रात्री नीट दिसत नाही. तेव्हा मुंगूस-रानमांजरापासून जीव वाचवायचा, तर उंची हाच आधार. तिचा पायही त्याच कामासाठी घडलेला. गुडघे मोडून ती खाली टेकली की कंडरा ताणली जाते आणि बोटे आपोआप फांदीभोवती मिटतात. शिवाय उंच जागा मानाचीही असते. कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचे, याची ठरलेली उतरंड असते, हे श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने 1921 साली दाखवून दिले. माणसाच्या खांद्यावर बसलेलीला टोचणार कोण?

पण एवढ्यानेही कोडे सुटत नाही. उंचीच हवी असेल, तर शेजाऱ्याचा खांदा काय वाईट? डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज निरीक्षकाने 1873 साली लिहून ठेवले, की नुकतेच अंड्यातून निघालेले पिल्लू समोर हलणाऱ्या कशाच्याही मागे जाते, माणसाच्यासुद्धा. आमच्या या तलंगेची आई ती पिल्लू असतानाच बोक्याने नेली. मोठ्या आईने तिला टोपलीत, चुलीच्या उबेला वाढवले. म्हणजे तिच्या लेखी पदराचा वास हीच आई, आणि कणीचा हातही तोच.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने मोठ्या आईला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तिले झाड पायजे, बापू. आंगनात मीच झाड आहो." माझी सगळी विद्वत्ता तिने एका वाक्यात बसवली!

दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडया भरतात. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घर भरते, रात्री नाटके रंगतात. आणि अंगणातल्या कोंबड्या एकेक करून कमी होतात. मोठी आई त्या बाबतीत मुळीच हळवी नाही. कोंबड्या विकूनच तिचे मीठ-मिरची आणि औषधपाणी भागते. गेल्या मंडईत गिऱ्हाइकाने नेमके या तलंगेकडे बोट केले, भावही चांगला सांगितला. घरात पैशाची नड होतीच. मोठी आई नाही म्हणाली. मी कारण विचारले.

"बाकीच्या पळतेत, म्हनून धरता येते. हे पळतच नाही. हिले कशी धरू?"

त्या दिवसापासून मला वाटते, की माया की सोय हा प्रश्नच अर्धा आहे. कोंबडीला उंच, उबदार, ओळखीची जागा हवी असेल. तिच्या बाजूने हा निव्वळ व्यवहारही असेल. पण ज्याच्यावर ती निर्धास्त बसते, त्याला तो व्यवहार ठेवता येत नाही. फांदीवर पाखरू बसले म्हणून झाड बांधले जात नाही. माणूस मात्र बांधला जातो. चार घरगुती जिवांनी आपल्याला झाड मानावे, आणि त्यांच्या भाराने आपला हात थोडा आवरावा, यापरते मोठे भाग्य संसारी माणसाला आणखी कोणते हवे?