पाण्यातला किल्ला

गेल्या दिवाळीत माझा नातू पुण्याला मावशीकडे गेला होता. तेथे मुलांनी अंगणाअंगणांतून उभारलेले मातीचे किल्ले पाहून तो बेल्यास परतला, तो एकच ध्यास घेऊन : आपलाही किल्ला हवा. आमच्या घरी ही रीत कधी नव्हती, आणि दिवाळी तर सरून गेलेली. तेव्हा त्यानेच तोड काढली. ओसरीवरच्या काचपेटीत पाच गप्पी मासे होते. त्यांच्यासाठी पाण्यातला किल्ला बांधायचा!

पैनगंगेच्या पात्रातून आम्ही पिशवीभर दगड आणले. बुरूज रचले, पण ते एकमेकांवर ठरेनात. सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्यात मऊ पडतो एवढे मला ठाऊक होते, म्हणून आदिलाबादहून सिलिकॉनची नळी आणली. तिच्यावर 'बुरशीरोधक' असे ठळक छापलेले होते. सदैव पाण्यात राहणाऱ्या वस्तूला याहून चांगले ते काय, असे मनाशी म्हणत मी चार पैसे अधिकच मोजले. रात्री दगड जोडले आणि सकाळी किल्ला पेटीत उतरवला. तिसऱ्या दिवशी पाचही मासे पाण्यावर पालथे तरंगत होते.

"आबा, काय झालं त्यांना?"

"पाणी मानवलं नाही रे," मी सांगून टाकले.

परंतु पाणी तेच होते, खाणेही तेच. नवा होता तो फक्त किल्ला. दुपारी चष्मा लावून नळीवरची बारीक अक्षरे वाचली. ती न्हाणीघराच्या सांध्यांसाठी होती आणि मत्स्यपेटीत वापरू नये, अशी स्पष्ट सूचना तिच्यावर होती. बुरशीला मारणारे जे द्रव्य तिच्यात मिसळलेले असते, ते पाण्यात उतरले की माशांनाही सोडत नाही. शिवाय मी एका रात्रीची घाई केली होती, तो दोष वेगळाच.

नातवाला खरे सांगायला मला दोन दिवस लागले. तो रडला नाही. "मग तुम्ही आधी का नाही वाचलं?" एवढेच त्याने विचारले. चाळीस वर्षे मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून बजावत आलेल्या मास्तराजवळ याचे उत्तर नव्हते.

दुसऱ्या वेळी आम्ही कोणतीही भर न घातलेले, मत्स्यपेटीसाठीच म्हणून मिळणारे सिलिकॉन आणले. ते हवेतील ओलाव्याने घट्ट होते आणि होताना शिरक्यासारखा आंबट वास सोडते. या वासावर मात्र भुलू नये. न्हाणीघराच्या नळीलाही तो येऊ शकतो. वास गेला म्हणजे लेप मुरला इतकेच कळते, तो निर्धोक आहे की नाही हे नळीवरच वाचावे लागते. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर जाडीच मुरते, त्यामुळे जाड सांध्याला आठवडाही लागतो. दगड धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावे लागतात. धुळीवर सिलिकॉन धरत नाही.

बारीक चिरा जोडायला झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद चालतो. ओलाव्यानेच तो आळतो आणि आळल्यावर माशांना बाधत नाही. पण आमच्यासारख्या कापसाच्या मुलखात एक सांगितलेच पाहिजे : फट बुजवायला त्यात कापसाचा बोळा घालू नये. या गोंदाशी गाठ पडताच कापूस एकदम तापतो, धूरही निघतो आणि बोट भाजते. हे ज्ञान मी बोटानेच मिळवले.

दगडांचीही परीक्षा झाली. लिंबू पिळल्यावर जे फसफसले ते चुनखडीचे. ते पाण्याची कठीणता वाढवतात. गप्पींना कठीण पाणी सोसते, तरी नातवाने असे चार दगड बाजूला काढलेच. मी हरकत घेतली नाही.

किल्ला उभा राहिल्यावर त्याने दिनदर्शिकेवर खुणा करायला सुरुवात केली. सात दिवस झाले तेव्हा मीच उतावीळ होऊन म्हणालो, "आता सोडू या का पाण्यात?" नातवाने नळी उचलली, तिच्यावरचा मजकूर पुन्हा एकदा मोठ्याने वाचला आणि बुरुजाला नाक लावले.

"अजून वास येतोय, आबा."

आणखी दोन दिवस थांबलो.