गाडीवर चित्र चढवणारे हात

सपाट कागदावर सरळ रेघ मारणं सोपं आहे. तीच रेघ बॉनेटवरून निघून, चाकावरच्या फुगवट्यावर चढून, दारापर्यंत सरळ दिसायला हवी असेल, तर कस लागतो. मी गाड्यांवर जाहिरातींचं विनाइल चिकटवते. त्यामुळे बीएमडब्ल्यूच्या ‘आर्ट कार’चे फोटो बघताना माझी नजर आधी वळणांवर आणि सांध्यांवर जाते.

या गाड्या सुरू झाल्या एर्वे पुलँ या फ्रेंच माणसामुळे. तो लिलाव करायचा आणि रेसिंगही करायचा. १९७५ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी त्यानं आपली गाडी अलेक्झांडर कॅल्डर या शिल्पकाराकडून सजवून घेतली. लाल, पिवळे, निळे मोठाले पट्टे. गाडी शर्यत पूर्ण करू शकली नाही, पण कल्पना टिकली. १९७६ मध्ये फ्रँक स्टेलानं गाडीला चक्क आलेखाच्या कागदाचं रूप दिलं. १९७७ मध्ये रॉय लिक्टेनस्टाइननं ठिपके आणि लांब रेघा वापरून, गाडी ज्या रस्त्यानं धावते तो रस्ताच तिच्या अंगावर काढला. ती नववी आली.

मी अडकले ते पुढच्या तपशिलावर. या तिघांनी रंगवली होती छोटी मॉडेल्स. शर्यतीच्या खऱ्या गाडीवर ते चित्र उतरवलं कुशल रंगाऱ्यांनी. स्टेलाच्या त्या बारीक चौकटी आठवा. फुगीर पत्र्यावर चौकट ताणली जाते, वाकडी दिसते. कुठे किती सावरायचं, हे गाडीसमोर उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावं लागतं. ते ठरवणं मला नुसती नक्कल वाटत नाही.

१९७९ मध्ये अँडी वॉरहॉलनं मात्र एम१ गाडी स्वतःच्या हातानं रंगवली, तीही अर्ध्या तासाच्या आत. रंग ओला असताना त्यात बोटं फिरवली. ती गाडी शर्यतीत सहावी आली. आर्ट कार म्हटलं की सगळ्यांना हाच किस्सा आठवतो, कारण आपल्याला कलाकाराचा हात बघायचा असतो.

पण २०१० मध्ये जेफ कून्सची गाडी विनाइलमध्ये गुंडाळली गेली. २०२४ मध्ये ज्युली मेहरेतूचं चित्रही फिल्मवर छापून गाडीवर चढवलं गेलं. म्हणजे थेट माझंच काम! मेहरेतूची गाडी ल माँला सुरुवातीच्या तासांतच अपघातात सापडली. दुरुस्त होऊन ती पुन्हा ट्रॅकवर आली. चित्राची अशी परीक्षा भिंतीवर होत नाही.

माझ्या कामाचं आयुष्य तीन महिने. मोहीम संपली की मीच ते सोलून काढते. फाइलवर डिझायनरचं नाव असतं आणि ते योग्यच आहे. हँडलच्या खाचेत चेहऱ्याचं नाक जाऊ नये म्हणून पूर्ण पॅनल दोन बोटं सरकवणारं कुणीतरी होतं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

म्युझियममध्ये अशी गाडी उभी असते, तेव्हा शेजारच्या फलकावर चित्रकाराचं नाव हवंच. ड्रायव्हरचंही हवं. त्याखाली आणखी एक ओळ मावेल: हे चित्र पत्र्यावर कुणी चढवलं.