कर

रविवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तुळशीपाशी दिवा लावून मी गॅलरीत बसते. नागपूरच्या मनीषनगरात तेव्हा रुळांवरून वर्ध्याकडची गाडी जात असते, आणि न्यू जर्सीत सकाळचे दहा वाजलेले असतात. विहीणबाईंचा फोन येतो तो याच वेळी. माझी सून ज्यू घरातली. आधी आम्ही दोघी नातवाच्या दातांबद्दल, तापाबद्दल बोलायचो. गेल्या वर्षापासून बोलणं वळलं ते विहीणबाईंच्या आजोबांकडे.

आजोबा १९०७ साली, १९ वर्षांचे असताना, पिन्स्कहून निघाले. हॅम्बुर्गला बोटीत बसले आणि न्यूयॉर्कपाशी एलिस बेटावर उतरले. १८९२ ते १९५४ या काळात १ कोटी २० लाखांवर माणसं त्या बेटावरून अमेरिकेत शिरली. त्यांतल्या एका पोराची ओळ विहीणबाईंनी बोटीच्या यादीत शोधून काढली. शेवटचा मुक्काम कुठे, कुणाकडे चाललात, खिशात पैसे किती, असं सगळं त्यात टिपलेलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी लोकांची आडनावं बदलून टाकली, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. पण नावं लिहिली जात ती बोट सुटायच्या बंदरावर. बेटावर ती फक्त ताडून पाहत. आजोबांचं आडनाव जसंच्या तसं उतरलं होतं. ते सांगताना बाईंचा आवाज कापरा झाला.

पिन्स्क तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होतं, मग पोलंडमध्ये गेलं, आता बेलारूसमध्ये आहे. एकेकाळी गावात निम्म्याहून अधिक ज्यू होते. १९४१ आणि १९४२ या दोन वर्षांत नाझींनी त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना मारलं. एवढं सांगून त्या थांबल्या. मीही काही बोलले नाही.

पुढच्या रविवारी मी त्यांना नवगावची गोष्ट सांगितली.

अलिबागच्या उत्तरेला समुद्रालगत नवगाव आहे. फार पूर्वी तिथे एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू, सांगतात. लाटांनी किनाऱ्यावर आणलेली प्रेतं तिथेच पुरली. मी त्या दफनभूमीपाशी उभी राहिले आहे. अलीकडे माडांची सावली, पलीकडे समुद्र. वाचलेल्यांनी कोकणात घाणे टाकले, तेल गाळलं. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. हिब्रू हळूहळू विसरली, पण शनिवार राहिला. घरात मराठी आली आणि ती मायबोली झाली. नवस फेडताना प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात, त्यात असतात पोहे, साखर आणि खवलेला नारळ. हे ऐकताना विहीणबाई पोह्यांपाशी अडल्या. लग्नाला आल्या होत्या तेव्हा आमच्याकडचे तर्रीपोहे खाऊन त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधलं ते याच लोकांतल्या सॅम्युअल इझिकेल यांनी. कंपनी सरकारच्या पलटणीत ते सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. इझिकेलचा हसाजी! मला हे नाव फार आवडतं. दिवेआगरचा तो दिवेकर, पेणचा पेणकर, रोह्याचा रोहेकर, किहीमचा किहीमकर. बोटीची यादी नाही, कागद नाही. पण आडनावातच गावाचा पत्ता.

आणि या लोकांना कुणी हाकललं नव्हतं. १९४८ नंतर बहुतेकजण आपखुशीने इस्रायलला गेले. तिथे मात्र ते खरे ज्यू आहेत का, अशी शंका काही धर्मगुरूंनी घेतली, लग्नं अडवली. लोकांनी आंदोलन केलं, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य केलं. इतकी शतकं शनिवार जपलेल्या माणसांना हे सिद्ध करावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं. डिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत ते राहतात आणि त्यांचं मराठी नियतकालिक निघतं, त्याचं नाव ‘मायबोली’. तिथल्या वाळवंटातही पेणकर पेणकरच राहिले.

“तुमचंही आडनाव कर-नेच संपतं ना?” विहीणबाईंनी विचारलं.

हो. सासरचं गाव खाली कोकणात. भोसल्यांच्या काळात कुणीतरी तिथून नागपूरला आलं, एवढंच सासूबाई सांगायच्या. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांकडे वह्या असतात. क्रियाकर्माला गेलेल्यांची नावं, गाव, तारीख, खाली सही. ह्यांच्या अस्थी घेऊन मुलगा गेला होता, तेव्हा त्याने त्या वहीत सही केली. वरच्या पानावर आजेसासऱ्यांची मोडीतली सही होती म्हणाला. मी ती पाहिलेली नाही.

“तुमच्याकडच्या यादीत तो आहे तर,” विहीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी कर म्हणजे काय ते विचारलं. म्हटलं, त्या गावचा माणूस.

थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. “आमचं स्कीसुद्धा तेच,” त्या म्हणाल्या. “पिन्स्की म्हणजे पिन्स्कचा.”

नंतर त्यांनी कागद समोर घेतला. पिन्स्ककर देवनागरीत कसं लिहायचं, ते मला एकेक अक्षर सांगायला लावलं. जोडाक्षरापाशी त्या दोनदा चुकल्या. तिसऱ्यांदा कागद कॅमेऱ्यासमोर धरला, तेव्हा ‘न्स्क’ बरोबर आला होता.