धर्म आणि कूळ

इस्लामाविषयीं वाद निघाला कीं वाद करणारे बहुधा दोन भिन्न गोष्टींना एकच नांव देतात. एक धर्म, म्हणजे मानावयाचा विचार. दुसरें कूळ, म्हणजे जन्मानें पदरांत पडलेला वंश, भाषा आणि गांव. विचार तपासतां येतो, पटला नाहीं तर सोडतांहि येतो. कूळ कोणी निवडलेलें नसतें. या भेदाचा दाखला शोधण्यास आम्हां वऱ्हाडकरांना दूर जावयास नको.

बहामनी दरबारांत धर्म एक, पण तट दोन होते: दखनी, आणि इराणाकडून आलेले आफाकी. गीलानच्या महमूद गवानाचा १४८१ सालीं वध झाला, तो दखनी सरदारांच्या कारस्थानानें. त्यांचा म्होरक्या मलिक हसन हा जन्मानें ब्राह्मण, असें फिरिस्ता सांगतो. त्याच्या पूर्वजांचें कुळकर्ण पाथरीस होतें. पुढें त्याचा नातू बुऱ्हाण निजामशहा यानें वाडवडिलांचें गांव म्हणून पाथरीवर हक्क सांगितला, आणि १५१८ सालीं ती वऱ्हाडच्या इमादशहाकडून जिंकून घेतली. इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला हाहि मूळचा विजयनगरकडचा हिंदू. गाविलगडाच्या दरवाजावर आजहि गंडभेरुंड कोरलेला दिसतो. दोन्हीं घराण्यांनीं धर्म बदलला. कुळाची आठवण मात्र गेली नाहीं.

हें केवळ इतिहासांतलें नव्हे. रूळ आणि कापूस यांवर वाढलेल्या आमच्या धामणगांव रेल्वेसारख्या बाजारपेठांतून पाहावें. वऱ्हाडी बोलणारा पिंजारी आणि घरीं कच्छी बोलणारा मेमण व्यापारी एकाच रांगेंत नमाज पढतील. पण सोयरिकीची गोष्ट निघाली कीं वाटा निराळ्या.

कोणी म्हणेल, बहुतेकांना धर्महि जन्मानेंच मिळतो; मग हा भेद पुस्तकी नव्हे काय? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच भेद जपावयास हवा. घरमालक नुसतें नांव ऐकून खोली नाकारतो, तेव्हां त्यानें त्या मनुष्याचें मत विचारलेलें नसतें. तो नास्तिक असला तरी खोली मिळणार नाहीं. याला धर्मचिकित्सा म्हणणें ही फसवणूक होय.

उलट बाजूनेंहि तीच गल्लत होते. हमीद दलवाई यांनीं १८ एप्रिल १९६६ रोजीं तोंडी तलाकाविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईंत विधिमंडळावर नेला, आणि १९७० सालीं पुण्यांत मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें. कोंकणांतल्या मुसलमान घरांत जन्मलेल्या या गृहस्थानें रूढ कायद्याला प्रश्न विचारले, तर त्यांना समाजद्रोही ठरविण्यांत आलें. हिंदू जातीयवादावरहि त्यांनीं तितकीच कडक टीका केली. पण त्यांच्या टीकेची सोयीची तेवढी बाजू उचलून सबंध समाजाला झोडपणारेहि निघाले. विचारावरील टीका दोघांनींहि माणसांवरची ठरविली; एकानें रागानें, दुसऱ्यानें आनंदानें.

आमच्या मतें कसोटी साधी आहे. आपण बोललेलें वाक्य, तो मनुष्य उद्यां मत बदलून बसला तरी त्याला लागूं राहणार असेल, तर तें वाक्य धर्मावर नसून कुळावर आहे. असें वाक्य गिळावें. मात्र जें वाक्य खरोखर मतावर आहे तें बोलण्याचा हक्क कोणाहि भीडेनें सोडूं नये. कारण तो सुटला तर पहिला तोटा त्या सात स्त्रियांसारख्यांचाच व्हावयाचा.