अण्णांची रोजकीर्द

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. 'रिलीज होतं' हे आमच्या धंद्यातलं हक्काचं कारण आहेच, पण यावेळी ते खरं नाही. खरं कारण सातारा. म्हणजे साताऱ्यातले आमचे तीर्थरूप.

अण्णांना मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली. वय बहात्तर. उभी हयात एका पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून गेली, त्यामुळे 'नोंद' या प्रकारावर माणसाची अपार श्रद्धा. दूध किती लिटर आलं, सिलिंडर कधी लावला, चष्म्याचा नंबर कधी बदलला, सगळं दोनशे पानी वहीत. साखरेचे आकडेही तिथेच. मी पुण्यात, आईअण्णा साताऱ्यात. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण रात्री फोन वाजला की ते सव्वाशे हजार वाटतं. ज्यांचे आईवडील गावाकडे आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तर दीड वर्षापूर्वी दिवाळीला गेलो तेव्हा मी अण्णांच्या फोनवर एक ॲप टाकलं. साखरेचा आकडा भरायचा, गोळी घेतली की खूण करायची, चाललेली पावलं फोन आपोआप मोजतो. आणि सगळ्यात भारी गोष्ट, निदान तेव्हा मला वाटलेली, म्हणजे आकडा १८० च्या वर गेला की माझ्या फोनवर लाल सूचना. शिवाय पावलांसाठी घरच्यांचा एक गट केला. मी, बायको, अण्णा, नाशिकचा चुलतभाऊ. रोज पहिला कोण ते दिसायचं. दहा हजार पावलं हे ध्येय. (हा दहा हजारांचा आकडा काही वैद्यकातून आलेला नाही. १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं. तो तिथून जो चिकटला तो आपल्या घड्याळांपर्यंत आला. पण हे मी नंतर वाचलं.)

पहिले दोन महिने लाल सूचनांचे. मी मीटिंगमधून उठून फोन करायचो. "अण्णा, काल काय खाल्लंत?" "अरे, काही नाही रे." "मग २१० कशी?" पलीकडे शांतता. मागून आईचा आवाज, "शेजारच्यांकडे बारसं होतं, सांगा की त्याला."

तिसऱ्या महिन्यापासून सूचना थांबल्या. ११८, १२४, १३१, ११९. आलेख कसा, सपाट आणि हिरवागार. मी ऑफिसात चार लोकांना दाखवलासुद्धा. म्हटलं बघा, डेटाची ताकद!

वास्तविक मी ज्या धंद्यात आहे तिथे याचीच भीती वाटायला हवी होती. सर्व्हरचा आलेख आठवडेच्या आठवडे असा सपाट दिसला तर आम्ही खूश होत नाही, आधी मोजणारा प्रोग्रॅम जिवंत आहे का ते बघतो. खऱ्या गोष्टी थोड्या वरखाली होतातच. पण घरच्या माणसाच्या बाबतीत ही अक्कल कुठे जाते कोण जाणे.

मग गेल्या महिन्यातला तो रविवार. सकाळी पावणेआठला आईचा फोन. आवाज कापरा. "अरे, हे फिरून आले आणि दारातच बसलेत. घाम सुटलाय, हात थरथरतायत, काहीतरी असंबद्ध बोलतायत."

मी ॲप उघडून बघितलं. हो, आधी ॲप बघितलं, याची आता लाज वाटते. तिथे सगळं हिरवं. पावलं ९,४००.

आईने मात्र माझी वाट बघितली नव्हती. चार चमचे साखर पाण्यात ढवळून घोट घोट पाजली होती. अण्णा शुद्धीवर होते म्हणून ते जमलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं. मी फोनवरूनच सांगितलं, मीटर लाव. ५८. सत्तरच्या खाली गेली की धोका. अशा वेळी साधारण १५ ग्रॅम साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हा सोपा नियम. पंधरा मिनिटांनी ८३ आली. मग आईने पोहे खायला घातले आणि मग रडली.

झालं होतं असं. अण्णांच्या गोळ्यांत एक ग्लिमेपिराइड आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात काही असो वा नसो. म्हणून ती घेतली की खायचंच. अण्णांनी गोळी घेतली, नाश्ता मागे ठेवला आणि फिरायला बाहेर पडले. का? तर चुलतभाऊ रविवारी सकाळीच आठ हजार पावलं टाकून मोकळा होतो, त्याच्या आधी नंबर लावायचा होता! गट केला कोणी? मी.

तासाभरात गाडी काढली. खंबाटकी घाटात नेहमीसारखी रांग, आणि डोक्यात एकच विचार, त्या दारात आई नसती तर?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एचबीएवनसी तपासायला सांगितली. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांच्यावर चढलेल्या साखरेवरून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. आदल्या दिवशी उपास करून फसवता येत नाही. आकडा आला ८.४.

मी तिथेच गणित केलं. २८.७ ने गुणायचं, ४६.७ वजा करायचे, की सरासरी साखर अंदाजे कळते. उत्तर १९४. ॲपमधली सरासरी १२४. अण्णा उपाशीपोटीचाच आकडा भरायचे, तो कमी असणारच हे मान्य. पण सत्तरचा फरक?

घरी आल्यावर मी काही बोललो नाही. दुपारी अण्णा झोपले तेव्हा कपाटातली दोनशे पानी वही काढली. तारीखवार, निळ्या शाईत, एक दिवस न चुकता. १६२. १७८. १५१. १९६ (लग्न). १८४ (झोप नाही). त्याच तारखांना ॲपमध्ये ११८, १२४...

संध्याकाळी विचारलं. मला वाटलं चिडतील. ते चष्मा पुसत म्हणाले, "वहीत कधी खोटं लिहिलं नाही. रोजकीर्द खोटी लिहायची नसते. ताळेबंद मात्र सभेपुढे जातो, तो जरा बरा दिसावा लागतो."

"अण्णा, मी सभा आहे का?"

"मग काय! लाल दिवा लागला की मीटिंग सोडून फोन करायचास. आवाज असा, की मीच काहीतरी अफरातफर केलीय. तुझी नोकरी, तिथली दगदग... म्हटलं आपल्यापायी कशाला."

यावर काय बोलणार? चहा प्यायलो.

पुण्याला परत आल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. बायकोला म्हटलं, ब्लूटूथवालं मीटर घेऊ. आकडा थेट ॲपमध्ये जाईल, मग खोटं लिहिताच येणार नाही. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मग ते बोटच टोचणार नाहीत."

च्यायला. बरोबर होतं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये बँकिंगच्या संदर्भात मांडलेली गोष्ट आम्ही ऑफिसात उठसूट एकमेकांना ऐकवतो, की मोजमापालाच लक्ष्य केलं की ते मोजमाप बिघडतं. बायकोने ती विळीवर बसून सांगितली.

मग जरा वाचायला घेतलं. म्हणजे ही ॲप निरुपयोगी आहेत का? तर नाही. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये झालेला एक अभ्यास २०११ साली छापून आला. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांची एचबीएवनसी वर्षभरात ०.७ ने उतरली. ज्यांना फोनवरून वेळच्या वेळी सल्ला मिळत होता आणि ज्यांच्या डॉक्टरांपर्यंत ती माहिती जात होती त्यांची १.९ ने. त्याहून मला आवडला तो आपल्याकडचा. दक्षिण भारतातले ५३७ कामकरी पुरुष, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. सगळ्यांना आहार-व्यायामाचा सल्ला दिला, अर्ध्यांना शिवाय नियमित साधे एसेमेस. दोन वर्षांनी नुसत्या सल्ल्यावाल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला, एसेमेसवाल्यांपैकी १८ टक्क्यांना. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालाय. ॲप नाही, आलेख नाही, साधा एसेमेस! पण माणूस सवय बदलण्याच्या कुठल्या पायरीवर आहे ते बघून लिहिलेला. त्यात हजेरी घेणारा मुलगा नव्हता.

थोडक्यात काय, तर यंत्र आमच्या घरीही ठीकच चालत होतं. पलीकडचा माणूस बिघडला होता.

पुढच्या शनिवारी पुन्हा साताऱ्याला गेलो आणि अण्णांच्या शेजारी बसून सेटिंग बदलली. माझ्या फोनवरची १८० ची सूचना बंद. एकच ठेवली, सत्तरच्या खाली गेली तर, कारण तिथे मिनिटं महत्त्वाची असतात. ती सूचना आईलाही जाते. पावलांचा गट मोडला. चुलतभाऊ रुसला, रुसू दे. गोळीची आठवण ठेवली, पण तिच्यावर मजकूर टाकला: 'आधी ताटली, मग चपला.' आकडे रोज नाहीत. डॉक्टरांना विचारून आठवड्यातले तीन दिवस, जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशा जोड्या. नुसत्या एका आकड्यावरून काय बाधलं ते कळत नाही, जोडीवरून कळतं. अण्णांना स्वतःलाच कळलं, की पोळीपेक्षा सकाळचा साबुदाणा जास्त चढवतो. हे मी वर्षभर सांगत होतो तेव्हा पटलं नव्हतं! गोळ्यांचं मी काही बोलत नाही. ते डॉक्टरांनी वही बघून बदललं. हो, वही. ॲप नव्हे.

आता एक कबुली, म्हणजे हा लेख पुरा होईल. ऑफिसच्या तपासणीत माझी एचबीएवनसी ५.९ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर. त्या दुसऱ्या रांगेत आपणही उभे. तेव्हा माझ्याही फोनवर ॲप आलं. बायकोला ते दिसतं. परवा ऑफिसखाली दोन वडापाव झाले आणि रात्री नोंद करताना माझ्या हातून लिहिलं गेलं, 'भाकरी-भाजी'. 'सेव्ह' दाबलं आणि एकदम अण्णांचा चष्मा पुसणारा हात आठवला. खोडलं. 'वडापाव, दोन.' बायको दुसऱ्या दिवशी काही बोलली नाही, फक्त रात्री जेवण झाल्यावर म्हणाली, चल, एक चक्कर मारून येऊ.

हल्ली रविवारी सकाळी मीच फोन करतो. "किती आली?" हा प्रश्न बंद केलाय. नाश्ता झाला का, आईची कंबर कशी आहे, यवतेश्वरकडे धुकं आहे का, असलं बोलतो. गेल्या रविवारी सगळं बोलून झाल्यावर फोन ठेवता ठेवता अण्णा स्वतःहून म्हणाले,

"१८८ आहे आज. काल श्रीखंड खाल्लं. दोन वाट्या."

मी म्हटलं, "आम्रखंड की साधं?"

"आम्रखंड," ते म्हणाले. "लिहिलंय. दोन्हीकडे."