आधी जागो, मगे माणूस

मी लहान असताना दोडामार्ग वेगळा तालुका नव्हता, सावंतवाडीतच मोडायचा. आमच्याकडे तेव्हा मांजर कुणी हौसेने पाळत नसे. भात कणगीत पडलं की उंदीर यायचे, उंदरांमागून साप यायचे, म्हणून मांजर लागायचंच. पिल्लू पलीकडच्या वाडीतून गोणपाटात घालून आणायचं, म्हणजे त्याला परतीची वाट कळत नाही, अशी समजूत. आजी ते चुलीपाशी सोडून आपल्या कामाला लागे. पिल्लू लगेच लाकडांच्या राशीमागे गडप. आम्ही पोरं हात घालायला गेलो की ती खेकसायची, "हात लाव नको. माजराक आधी जागो व्हयो, मगे माणूस."

रात्री ते चुलीतल्या ऊबदार राखेत निजायचं आणि सकाळी करडं होऊन बाहेर यायचं. माळा, कणगीमागची फट, वैलाशेजारचा कोपरा, अशा जागा त्या घरात ठायी ठायी होत्या. पिल्लाला रुळवायचं काम घरच करायचं. आम्ही फक्त माशांची डोकी टाकायचो.

आजीचं म्हणणं पटलं ते मामीमुळे. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या संयुक्त तिलारी प्रकल्पात शिरंगे, आयनोडे, पाट्ये अशी गावं पाण्याखाली गेली. मामीचं घरही त्यात गेलं. ती पुनर्वसनातल्या घरी आली, सोबत मांजरही आणलं. चार भिंती, सिमेंटची जमीन, फट म्हणून कुठे नाही. मांजर खाईना. दाराशी बसून रात्रभर ओरडायचं. शेवटी मामीने सामानातलं जुनं गोणपाट काढून कोपऱ्यात टाकलं. जुन्या घरात मांजर याच गोणपाटावर निजायचं. बराच वेळ हुंगून ते त्यावर बसलं आणि दुसऱ्या दिवशी जेवलं. मांजराच्या गालांत गंधग्रंथी असतात. खांबाला, दाराला, आपल्या पायाला गाल घासून ते आपला वास तिथे ठेवतं. असा वास जिथे नाही ते मांजराच्या लेखी परकं घर.

आता आमचंही घर स्लॅबचं आहे. चूल गेली, माळा गेला, जमिनीवर लाद्या आल्या. लेकीने पिल्लू आणायचा हट्ट धरला तेव्हा जुनं घर जे आपसूक करायचं ते सगळं आम्हाला करावं लागलं. दोन महिन्यांपर्यंत ते आईजवळच राहू दिलं. आणताना आईच्या अंथरुणातलं फडकं सोबत घेतलं. आधी एकच खोली दिली. एका टोकाला खाणं-पाणी, दुसऱ्या टोकाला रेतीची पेटी. वाटीभर दूध ठेवायचा मोह आवरला, कारण गाईचं दूध बहुतेक मांजरांना पचत नाही, पोट बिघडतं. त्यापेक्षा उकडलेला बांगडा बरा. रेबीजची लस त्याच्या वयाप्रमाणे टोचून घेतली. आमच्याकडे रान अंगणाला लागून, बिबट्याची ये-जा असते, म्हणून दिवेलागणीला दार बंद.

एवढं करूनही साहेब फ्रीजच्या मागे जाऊन बसले. सगळ्या घरात तीच एक अरुंद, ऊबदार जागा! नवरा फ्रीज सरकवायला निघाला तेव्हा माझ्या तोंडून आजीचंच वाक्य निघालं. मग चपलांचं रिकामं खोकं आडवं करून त्यात ते फडकं घातलं आणि फ्रीजशेजारी ठेवलं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या 19 मांजरांपैकी काहींना लपायला खोकी दिली, काहींना दिली नाहीत. खोकी मिळालेली मांजरं लवकर सावरली. आजीला हे सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, त्यासाठी एवढी शिकलेली माणसं कशाला लागली?

पिल्लू खोक्यात गेलं. काही दिवसांनी स्वतःहून बाहेर आलं आणि सर्वांत आधी, मांजर नको म्हणणाऱ्या नवऱ्याच्याच पायाला गाल घासून गेलं. आता मासेवाली आली की तोच मांजराचा वाटा आधी बाजूला काढतो.

मामी राहायला आली की मला आजीचं वाक्य वेगळ्या अर्थाने आठवतं. तिला प्लॉट मिळाला, घरही झालं. कागदोपत्री ती केव्हाच रुळली. पण अजून ती 'घरी' म्हणते तेव्हा तिला पाण्याखालचं घरच म्हणायचं असतं. मांजरासाठी तिने निदान एक गोणपाट आठवणीने आणलं होतं. तिचं काय काय मागे राहिलं, हे मात्र तिला कुणी विचारलं नाही, आम्हीसुद्धा नाही.